जमीन थोडीच जळते

दादा,

घर विकायला मी नाही म्हटल्यापासून तू बोलत नव्हतास. परवा मात्र फोनवर गोड झालास. "आपल्या घराचा विमा उतरव, आकडा मी सांगतो. मग आठ दिवस घर बंद करून माझ्याकडे ये."

आज विमावाला आला. तुझा आकडा ऐकून हसलाच. "ताई, हा तर विकायचा भाव. यात जमीनही आली. जमीन थोडीच जळते? घर पुन्हा बांधायला लागेल तेवढाच विमा घ्यायचा."

टेप लावून आम्ही भिंती, जिना, छप्पर सगळं मोजलं. आकडा तुझ्या निम्म्यावर आला.

"एवढा फुगवला कुणी?" त्याने विचारलं.

"भावाला यातलं काही कळत नाही हो," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण तू बांधकामाचा ठेकेदार. विटेचा भाव तू झोपेतही सांगशील.

माझा संशय खोटा असेल तर हे वाचून तू आयुष्यभर माझं तोंड बघणार नाहीस. खरा असेल तर मला कळलंय हे तुला कळायला नको. म्हणून हे पत्र टाकत नाही.

विमा निम्म्याचाच घेतला. कुलूप बदललं. बॅग भरली होती, ती रिकामी केली.

घरातच असलेली,
तुझी धाकटी