खिशातली किल्ली, समोरचा उपसागर

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ३
आज सुट्टी. आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे आमच्या घरात जे काही झालं ते गुरुवारी झालं. लग्न गुरुवारी, पुनावळ्याच्या फ्लॅटची वास्तुशांत गुरुवारी, तनुजाचा चष्मासुद्धा गुरुवारी.
बॅगा भरल्या. व्हिएतनाम, सात दिवस! लग्नानंतर सव्वीस वर्षांनी का होईना, हनिमूनच म्हणायचा. तेव्हाचं महाबळेश्वरचं बुकिंग कंपनीतलं पत्रा दाबायचं प्रेस मशीन बंद पडल्यामुळे रद्द झालं होतं. ते मी दुरुस्त केलं, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.
तनुजाची एकच अट आहे. बोटीवरच्या दिवशी फोन बंद. तिथला डोंगरांनी भरलेला उपसागर तिला माझ्या शेजारी बसून पाहायचा आहे. शब्द दिला. मी शब्दाचा पक्का आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
माझ्या हाताखालच्या सोपानरावला प्रेस शॉपचा चार्ज दिला. चौदा पानी नोट. त्याने ती घडी करून मागच्या खिशात घातली आणि म्हणाला, साहेब, तुमी निवांत जावा, आमी हाय की. हा माणूस काळजी करत नाही, हीच माझी काळजी.
संकल्प: परदेशात तिथलंच खायचं. तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली आहे. तनुजासाठी.

११ नोव्हेंबर, हनोई, सकाळी ९
रस्ता ओलांडणे हा इथे मोठा प्रश्न आहे म्हणे. गाईडने अर्धा तास लेक्चर दिलं: हळू चाला, थांबू नका, पळू नका, स्कूटरवाले आपोआप वळसा घालतात. मनात हसलो. बावीस वर्षं चाकणचा तळेगाव चौक पायी ओलांडणाऱ्याला कोण शिकवणार?

त्याच दिवशी, ११.३०
आत्तापर्यंत रस्त्याच्या अलीकडेच होतो. चाकणच्या पद्धतीने हात वर करून पळालो, तर सगळ्या स्कूटरी एकदम गोंधळल्या आणि एक बाई कोंबड्यांसकट थांबली. तनुजा एका फुलवालीच्या मागोमाग केव्हाच पलीकडे पोचली. तिथे इथली प्रसिद्ध अंड्याची कॉफी प्यायली. मग परत येऊन माझा हात धरून मला नेलं. भर रस्त्यात तिने हात धरण्याची ही पहिलीच वेळ. केवळ सेफ्टी म्हणून मी तो सोडवला नाही.

१२ नोव्हेंबर, रात्री
दशम्या संपल्या. तनुजाने एकही खाल्ली नाही, ती नूडल्सवर खूश आहे. मी अजून जुळवून घेतो आहे.
उद्या बोट. फोन बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवला. बघा, इतकं सोपं असतं.

१३ नोव्हेंबर, बोटीवर, सकाळी ९.४०
घात झाला. रुमाल काढताना खिशात किल्ली सापडली. कंपनीतल्या सेटिंगशीट्सच्या कपाटाची, म्हणजे प्रेसवर कुठला साचा कसा बसवायचा ते कागद. ती नसेल तर डाय, म्हणजे साचा, बदलता येणार नाही, डाय बदलली नाही तर लाइन बंद. तनुजाला सांगितलं, बाथरूमला जातो, आणि बॅगेच्या तळातून फोन काढला. अट फोन घेण्याबद्दल होती, करण्याबद्दल नाही, असा विचार केला की मन हलकं होतं.

१०.१५
सोपानराव: स्विच ऑफ. शॉपचा फोन: नुसता वाजतो. एवढ्या वेळात कोणी तरी उचलायला हवा. तनुजा वर डेकवर दोन खुर्च्या धरून बसली आहे.

११.५०
डोंगर. पुष्कळ. पाण्यातून सरळ वर आलेले. बोट त्यांच्या मध्ये शिरली की रेंज जाते.

१२.३०
गेटच्या सिक्युरिटीला फोन लागला. तो म्हणाला, साहेब, आत कुणीच न्हाई. तेवढ्यात डोंगर आला आणि रेंज गेली. आत कुणीच नाही? म्हणजे संप! मी नसताना! तनुजाने विचारलं, पोट बिघडलंय का? हो म्हणालो. तिने ओवा दिला.

सायंकाळी ५.४०
तिने दोनदा हाक मारली, सूर्य मावळतोय, या ना. आलोच म्हणालो. खरंच येणार होतो. तेवढ्यात दोन कांड्या रेंज आली.
लागला नाही.

१४ नोव्हेंबर, सकाळी ८.४५
सोपानराव लागला. मागे प्रेसचा आवाज, लाइन व्यवस्थित चालू. म्हणाला, दुसरी किल्ली हाय की साहेब, तुमी इसरता म्हणून आमी कवाच करून घेतली. विचारलं, काल सगळे कुठे मेले होते? तो म्हणाला, साहेब, काल गुरुवार व्हता. मी भात झोडत व्हतो.
गुरुवार. सव्वीस वर्षांत मी एकही गुरुवार विसरलो नव्हतो.
मोठा विनोद झाला म्हणून तनुजाला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, आठवड्यातले तुमचे सहा दिवस मी कधी मागितले नाहीत. गुरुवार तेवढा माझा होता. तोही तुम्ही बंद कंपनीला दिलात.
उरलेला ओवा डब्यात परत भरला तिने. मला फार वाईट वाटलं. खरोखरच.

२० नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी १०
सुट्टी. कंपनीत सगळे विचारतात, उपसागर कसा होता? काल रात्री तनुजाच्या मोबाईलमध्ये पाहिला. सुंदर आहे. एकशे चौदा फोटो. एकात मी आहे, पाठमोरा, फोन कानाला. एकात दोन खुर्च्या, एकीवर तिची पर्स.
आज नवा संकल्प. पहाटेच फोन बंद केला. बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या, चहा मी केला. समोर सोसायटीचा टँकर पाणी ओततो आहे, तोही बरा दिसतो.
तनुजा घरात नाही. फ्रिजवर चिठ्ठी आहे, देहूरोडला बहिणीकडे जाते. कधी येणार ते लिहिलेलं नाही. विचारावं म्हणून फोन चालू करून दोनदा लावला.
तिचा बंद आहे.