पूर्वपक्ष मीच लिहून दिला

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडलोय. वेळेवर चिडायला मला कधीच जमलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

गिरगावातल्या तुमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी निबंध वाचतोय. समोरच्याचं म्हणणं दोन ओळींत उरकून पुढची चार पानं मी त्याला झोडपलंय. तुम्ही वही मिटून माझ्या मांडीवर ठेवता. "आधी पूर्वपक्ष. त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांड. ऐकून त्याने मान डोलावली पाहिजे. मग खंडन कर." मी शहाण्यासारखं ते जन्मभर पाळलं.

आता लालबागला आमच्या शेजारी एक काकू आहेत, ऐंशीला टेकलेल्या. चाळीच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूंच्या यादीतून त्यांचं नाव गळलं, कारण पाहणीच्या दिवशी खोलीला कुलूप होतं. पाहणी केली ऐन शिमग्यात. शिमग्याला अर्धी चाळ कोकणात पालखी नाचवायला जाते हे आमच्याकडच्या मांजरांनाही माहीत आहे, पाहणी करणाऱ्या कार्यालयाला नाही. चाळ पाडली की काकूंना घर नाही, एवढा सरळ मामला. म्हणून त्यांच्या सहीने मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, की त्या दिवशी बंद सापडलेल्या सगळ्या खोल्यांची पाहणीपत्रकं तारखेसकट द्या, म्हणजे सणात अर्धी चाळच बंद होती हे कागदावर दिसेल. उत्तर एका ओळीचं, माहिती देता येत नाही. का, ते नाही. कारण त्यांना सुचलंच नव्हतं, सर. ते मी पुरवलं. पहिल्या अपिलाला लेखी युक्तिवाद जोडला आणि तुमचा शिष्य म्हणून आरंभी पूर्वपक्ष मांडला. इतर भाडेकरूंची माहिती व्यक्तिगत आहे, ते त्रयस्थ आहेत, त्यांची संमती नाही, शिवाय कोण कधी घरी नसतं हे उघड झालं तर चोरांचं फावेल. चोर सुचले तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. पुढे चार पानं खंडन.

अपील फेटाळलं. निकालात माझा पूर्वपक्ष जसाच्या तसा, स्वल्पविरामांसकट, चोरही हजर. खंडनाबद्दल एकच वाक्य, 'अपीलकर्तीचे अन्य मुद्दे विचारात घेतले.' खिडकीवर विचारायला गेलो तर कारकून म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय ना काका? साहेबांना पटलं."

डोलावली त्याने मान. तुमच्या शास्त्रात समोरचा खंडन ऐकायला बसून राहतो. इथला आपल्या सोयीचं उचलतो आणि डबा खायला जातो. हे तुम्ही का नाही शिकवलंत? तुम्हाला माहीत नव्हतं म्हणू नका. मुख्याध्यापकाने तुमची बढती अडवली, तेव्हा त्याची बाजू कशी सबळ आहे ते तुम्ही आम्हा पोरांना समजावत होतात आणि आत तुमच्या सौ. भांडी आपटत होत्या. त्या भांड्यांचा अर्थ मला आत्ता लागला. सभ्यपणा तुमचा, भोगलं त्यांनी. इथे सभ्यपणा माझा आहे आणि खोली काकूंची जाणार आहे.

मंगळवारी माहिती आयोगापुढे दुसऱ्या अपिलाची सुनावणी. नवा युक्तिवाद एका पानाचा केलाय. शिमगा कधी होता, पाहणी कधी झाली, काकूंचं रेशनकार्ड, विजेची बिलं. पत्रकांवरची नावं काळी करा, खोली आणि तारीख तेवढी ठेवा. पूर्वपक्ष नाही. चोरांना मात्र उत्तर द्यावं लागलं, ते आता सरकारी झालेत.

काल काकू सहीला आल्या. निकाल वाचून दाखव म्हणाल्या, दाखवला. पदराने चष्मा पुसत सगळा ऐकला. "साहेब शिकलेला दिसतो रे," म्हणाल्या. "किती नीट लिहिलंय. माझंच चुकलं असेल. गावाला जायला नको होतं मी."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तो परिच्छेद कोणाचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. सही कुठे करायची, तेवढं बोट ठेवून दाखवलं.