आजीबाईंचे नासके दाणे

मुक्काम जपान (गावाचं नाव लिहीत नाही, ते वाचताना तुमची जीभ अडकेल)
फाल्गुन, सन १९३६

तीर्थरूप उकंडरावमामा यांच्या पायांवर भाचा तातेराव याचं डोकं, मधे एवढा समुद्र असला तरी, टेकलेलंच आहे असं समजावं. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं क्षेम किती ते पुढं कळेलच. मामींची कंबर कशी आहे? धवळ्या बैलाचा खूर बरा झाला का? (दोन्ही एका दमात विचारलं म्हणून मामींनी राग धरू नये.) आईची आठवण येते हे मी लिहीत नाही, कारण लिहिलं की ती पदर डोळ्याला लावणार. हे पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचावं आणि मग आईला वाचून दाखवावं. दाखवताना कंसातलं गाळावं.

तुमचं पत्र पोचलं. अन्न मानवत नसेल तर तेलाचं यंत्र गेलं खड्ड्यात, पहिल्या आगबोटीनं परत ये, असं तुम्ही लिहिलंत. मामा, तुमची माया मला कळते. पण सेनगावात तेलाची गिरणी टाकायची, आणि टाकणारा माणूस यंत्र स्वतः खोलून जोडणारा पाहिजे, हे चावडीवर चार माणसांत तुम्हीच बोलला होता. त्याच भाच्यानं न्याहारीला भिऊन पळ काढला असं हिंगोलीच्या बाजारात झालं, तर तोंड मलाच दाखवायचंय. तेव्हा मी येत नाही. काय खाऊन राहिलोय ते मात्र तपशीलवार कळवतो, म्हणजे माझा निश्चय किती जड आहे याचा तुम्हाला अंदाज येईल.

मी ज्यांच्या घरी राहतो त्या बाई सत्तरीच्या, विधवा, आणि उंचीला आपल्या घरच्या उतरंडीएवढ्या. नाव हात्सू. सगळे त्यांना ओबाआसान म्हणतात, म्हणजे आपलं आजीबाई. बाई स्वच्छ इतक्या की अंगणातलं पान पडायच्या आधी उचलतील. म्हणूनच पहिल्या सकाळी मी चक्रावलो. भाताच्या वाटीशेजारी त्यांनी एक गवताची पेंढी ठेवली आणि सोडली. आत दाणे. वास असा, की पेवात पावसाचं पाणी शिरावं आणि दिवाळीला त्याचं तोंड उघडावं. काडीनं उचलायला गेलो (इथं हातानं जेवत नाहीत, दोन काड्यांनी जेवतात; त्या तकलीफीवर वेगळं पत्र होईल) तर दाण्याला दाणा चिकटलेला आणि मधे हातभर लांब तार. आपल्याकडचा हलवाई पाकाला जी तार यावी म्हणून देव पाण्यात घालतो, ती इथं नासक्या दाण्यांना फुकट येते.

मला वाटलं, बिचारी म्हातारी, वयानं नाक गेलं असेल, दाणे नासलेले तिला कळलेच नाहीत. तिच्या तोंडावर कसं सांगावं? म्हणून त्या पाणी आणायला वळल्या तशी मी वाटी मागच्या झाडाखाली रिकामी केली आणि तोंड पुसत बसलो. रिकामी वाटी पाहून आजीबाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दुसऱ्या दिवशी दाणे दुप्पट. मी पुन्हा झाडाला वाढले. असं चाललं होतं, तोवर एका सकाळी शेजारचं मांजर मिशांना तारा लोंबत असलेलं घरात शिरलं आणि माझ्याच मांडीशी येऊन बसलं.

आजीबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी झाडाखाली जाऊन पाहिलं, परत आल्या, माझ्यापुढं गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. मला त्यांच्या हातचं आवडत नाही हे त्यांना इतके दिवस कळलं नाही, याची त्या माफी मागत होत्या; भाषा येत नसली तरी एवढं मला कळलं. मामा, आईपेक्षा मोठी बाई आपल्या पाया पडते, आणि तीही आपण तिचं अन्न टाकलं म्हणून! भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्याच क्षणी ठरवलं, हा दाणा मी खाणार. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून पहिला घास गिळला. घास पोटात पोचला तरी त्याचं दुसरं टोक ओठावरच होतं.

याला नात्तो म्हणतात आणि हा मुद्दाम नासवतात. दाणा वाटाण्याएवढा, पिवळट, गोल. या लोकांना याच्याशिवाय दुसरं सुचतच नाही. याचंच दूध काढतात, दुधाच्या पांढऱ्या वड्या पाडतात (तोंडात काही आहे की न्हाई हे दातांनाच विचारावं लागतं), यालाच मीठ लावून वर्षभर मुरवतात, याचंच काळं खारट पाणी करून सगळ्यावर ओततात, आणि मी यंत्र शिकतो त्या कारखान्यात याचंच तेल निघतं. एका दाण्याच्या मागं सगळं गाव हात धुऊन लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दाण्याखेरीज जे मिळतं ते सांगायला नको. एक करडी वडी असते, ती ताटलीत थरथरते आणि चावली की दातांनाच उलटा धक्का देते. सायकलची ट्यूब पाण्यात भिजवून खाल्ल्याचं समाधान मिळतं. आणि भाताच्या रानातले नाकतोडे हे लोक गोड करून शिजवतात. ते मी खाल्ले न्हाईत. पण ज्या जातीनं आपलं हिरवं रान खाल्लं तिला कढईत पडलेली पाहून, मामा, माळकरी असूनही मला बरं वाटलं.

(आता हा पुढचा सगळा भाग आईला वाचायचा न्हाई. तिला वाटलं तर सांगा की भाच्याचं अक्षर लागत न्हाई.)

हिंगोलीच्या ठेसनावर गाडी हलता हलता आईनं खिडकीतून माझा हात धरून म्हटलेलं तुम्ही ऐकलंच होतं. "कायबी खाय लेकरा, पण मासोळी-मटणाला शिवू नको. माझी आण हाय तुला." ते मी जपत होतो. मांस ओळखायचो, मासा ओळखायचो, दोन्ही बाजूला सारायचो आणि वरणासारखं एक गरम पाणी इथं रोज मिळतं ते वाट्यावर वाट्या प्यायचो. तेवढंच काय ते गोड लागायचं. आजीबाई रोज सकाळी सुताराचा असतो तसला रंधा उलटा करून त्यावर एक लाकडाचा ठोकळा घासत बसायच्या, भुसा पडायचा. मी समजत होतो, चूल पेटवायला ढलप्या काढून राहिल्यात. मनात म्हणायचो, काय काटकसरी बाई! एका सकाळी त्यांनी त्या ढलप्या माझ्या डोळ्यांदेखत उचलून वरणात टाकल्या. मी ठोकळा हातात घेऊन पाहिला. त्याला शेपटीची खूण होती.

तो वाळवलेला मासा होता, मामा. लाकडाहून टणक. म्हणजे आल्या दिवसापासून मी आईची आण वाट्यावर वाट्या प्यालो होतो, आणि वर "आणखी द्या" म्हणत होतो.

त्या दिवसापासून मी नुसता भात आणि मीठ, एवढ्यावर आलो. आजीबाईंना कारण सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते (भात, पाणी, खिळा, पाना, एवढीच माझी जपानी). त्या रोज नवं काही करायच्या, मी रोज हात जोडायचो. मग व्हायचं तेच झालं. कारखान्यात दाबयंत्राचा दांडा ओढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी यंत्राशेजारी आडवा झालो. आमचे हेड मिस्त्री कुरोदा म्हणून आहेत, त्यांना मोडकं इंग्रजी येतं. ते मालकांना म्हणाले (आणि मलाही इंग्रजीत सांगितलं), "या हिंदी माणसाला त्याच्या घरी पाठवा. यंत्रात पडला तर तेल खराब होईल." मालकांनाही ते बराबर वाटलं.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. बुडाखालची जमीनच गेली. उपाशी पडल्याचं दुःख नव्हतं. यंत्र अर्धंच खोलून झालं होतं आणि जोडायचं शिकायचं राहिलं होतं, ते काळजात रुतलं. कुरोदांना म्हटलं, "मी चालत बंदरावर जाणार न्हाई, मला उचलून न्यावं लागेल." त्यांनी विचारलं, "पण तू खात काहून नाहीस?" तेव्हा पहिल्यांदा आईच्या शपथेची हकीकत मी कुणाला सांगितली.

ती हकीकत कुरोदांकडून आजीबाईंना कळली. सणाला नेसायचं काळं वस्त्र नेसून त्या कारखान्यात आल्या (बाया तिथं येत न्हाईत, सगळी यंत्रं थांबली) आणि मालकांपुढं ताठ उभ्या राहिल्या. त्या काय म्हणाल्या ते कुरोदांनी मला नंतर सांगितलं. "माझ्या घरचा माणूस उपाशी पडला, ही लाज माझी आहे. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? मला मुदत द्या." मालकांनी दिली.

डोंगरावर बुद्धाचं एक देऊळ आहे. तिथले पुजारी मासे-मटण शिवत न्हाईत. सत्तरीची ती बाई कंबरेला हात लावून त्या पायऱ्या चढायची आणि पुजाऱ्याच्या चुलीपाशी बसून स्वयंपाक शिकायची. जन्मभर मासा किसलेल्या बाईनं रंधा माळ्यावर टाकला आणि वरणात समुद्रातलं शेवाळ उकळायला लागली. त्या शेवाळाची पट्टी जोड्याच्या तळव्यासारखी दिसते आणि वास डोहातल्या पाण्याचा येतो. मी ते वरण पितो. पहिल्या दिवशी प्यालो तेव्हा गळ्यात हुंदका आणि वरण एकदमच आले, त्यामुळं चव नीट कळली न्हाई. बरंच झालं.

(आता आईला वाचायला हरकत न्हाई.)

तब्येत सुधारली तसं मला वाटलं, आपणही काही करून घालावं. त्याच पिवळ्या दाण्याचं पीठ दळलं, आईनं बांधून दिलेलं तिखट काढलं आणि झणझणीत पिठलं केलं. आपल्या हिशेबानं तिखट बेताचंच होतं. आजीबाईंनी पहिला घास घेतला. थांबल्या. कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, नाकाचा शेंडा टोमॅटोसारखा झाला. मी वाटी काढून घ्यायला हात पुढं केला तर त्यांनी वाटी छातीशी धरली आणि "ओइशी" म्हणाल्या. म्हणजे चवदार. अन्न टाकायचं न्हाई म्हणून त्यांनी रडत रडत सगळी वाटी संपवली. मग उठून मागच्या झाडाकडं गेल्या आणि बराच वेळ आल्या न्हाईत. मी पाहायला गेलो न्हाई. माणसानं काही उपकार ओळखावेत.

दुसऱ्या दिवशी ओठ सुजलेले असतानाच त्यांनी कुरोदांकरवी विचारलं, "तुझी आई हे रोज खाते?"

"दोन्ही वेळा."

"मग तिला कळव, तिचा मुलगा माझ्याकडे नीट आहे. असलं खाणाऱ्या बाईशी मी वाकडं घेणार नाही."

तेव्हा मामा, काळजी नसावी. वाटेल ते मी खाऊन राहिलोय, आण न मोडता, आणि यंत्र पुरतं शिकल्याशिवाय हलणार न्हाई. मामींना आणि सर्व थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
तातेराव

ता. क. सोबत कापडाच्या पुरचुंडीत त्या पिवळ्या दाण्याचं बी पाठवलंय. मृगाचा पाऊस झाला की कयाधूकाठच्या काळ्या रानात, तुरीच्या ओळींमधे पेरावं. तुम्ही म्हणाल, एवढ्या शिव्या घातल्या त्याच दाण्याला आपल्या रानात जागा? व्हय. याचं तेल मी माझ्या हातानं काढलंय आणि पेंड इथले बैल मिटक्या मारत खातात. सेनगाव हसेल. हसू द्या. नासवायचं मात्र कुणी मनावर घेऊ नये.

ता. क. दुसरा. कारखान्यात शिकायची माझी ठरलेली मुदत या महिन्यात संपते. आणखी एक वर्ष राहतो असं मी मालकांना कालच सांगून टाकलं, त्यामुळं आगबोटीची चौकशी करू नका. हे आईला सांगायचं काम तुमचं, आणि ते तिचं जेवण झाल्यावरच. नीट विचार केला तर हे पत्र तिला वाचूनच दाखवू नका. ती पहिलं विचारील, "लेकरू तिकडं खाऊन काय राहिलंय?" तेव्हा कागद पटक्यात खोवा आणि एवढंच सांगा: पोटभर.