गुरुवारचे खोटे कागद

मी, व्हर्ना लिंडक्विस्ट, वय अठ्ठ्याहत्तर, कै. एमेट लिंडक्विस्ट यांची पत्नी, राहणार हार्लन फोर्क, वायोमिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. राग मात्र आहे, आणि रागात मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही. वकिलांना विचारून घेतले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात ड्वाइट टॉलेफसन याचे नाव होते.

कलम १. राहते घर, मागचे अंगण आणि कोंबड्यांचे खुराडे माझी नात टेसा हिला द्यावे. ती घरोघरी जाऊन रुग्ण तपासणारी नर्स आहे आणि निर्जन रस्त्यांवर एकटी गाडी चालवते. उत्तरेकडचे छप्पर आता गळत नाही. ते ड्वाइटने दुरुस्त केले, तेही फुकट. खरे ते लिहावे.

कलम २. माझे अडतीस बोअरचे रिव्हॉल्व्हर टेसाला देत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून कारण लिहिते. एमेटच्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांचा काउंटर सव्वीस वर्षे मी सांभाळला. नवरे बायकांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "हिला पर्समध्ये मावेल असं काहीतरी छोटंसं द्या." मी नवऱ्याला खिळे बघायला पाठवायची आणि बाईपुढे चार रिकामी पिस्तुले मांडायची. "पर्स बदलता येते गं," मी सांगायची, "हात बदलता येत नाही." मूठ पुरती बसते का, मनगट न वळवता बोट चापापर्यंत पोचते का, एवढे आधी पाहायचे. छोटे पिस्तूल हातात जास्त जोरात उसळते, हे त्या नवऱ्यांच्या गावीही नसायचे. दोनदा हिसका बसला की बाई ते कपाटात टाकते, पुन्हा हात लावत नाही, आणि तरी घरात हत्यार आहे या भरवशावर राहते. त्यापेक्षा नसलेले बरे.

टेसाची बोटे आजोबांसारखी लांब आहेत. माझ्या रिव्हॉल्व्हरची मूठ तिला अपुरी पडते. रिव्हॉल्व्हर विकावे, आलेल्या पैशातून तिने स्वतः हातात धरून पारखलेले घ्यावे आणि उरलेल्यात सरावाची काडतुसे घ्यावीत. दुकानदाराचे ऐकू नये. माझेही ऐकू नये, मी तेव्हा नसेनच.

कलम ३. तिने दर आठवड्याला सराव करावा. ही विनंती नाही, अट आहे. हात विसराळू असतो. मी एकतीस वर्षे दर गुरुवारी दुपारी खडीच्या खाणीतल्या नेमबाजीच्या मैदानावर गेले; बर्फ पडले तरी गेले, एमेटच्या दफनानंतरच्या गुरुवारीही गेले. सरावाने नेम सुधारतो हे खरेच, पण त्याचा मोठा उपयोग निराळा आहे. आज आपल्याला काय जमत नाही, हे निशाणाचा कागद तोंडावर सांगतो. नवरा सांगत नाही, मैत्रीण सांगत नाही.

निशाणाचे कागद आणायला टेसाने स्वतः चालत जावे. का, ते पुढे लिहिते.

कलम ४. ड्वाइट हा एमेटचा मित्र. एमेटच्या शवपेटीला त्याने खांदा दिला आणि मग अकरा वर्षे दर गुरुवारी माझ्या शेजारी उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले. खडीवरून चालणे जड जाऊ लागले, तेव्हा तो म्हणाला, "तू बस, मी आणतो." तो कागद आणायचा आणि मी बघायची. जवळजवळ सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या गोलात. माझा हात कापतो हे मला जाणवत होते. पण कागद नाही म्हणायचा, आणि मी कागदावर विश्वास ठेवायची. मलाही ते गोड वाटत होते, हे लपवत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये भर दुपारी ओट्याच्या पायरीशी शेपटी खुळखुळवत एक विषारी साप बसला होता. माझी कुत्री डचेस त्याच्यावर भुंकत होती. मी बारा पावलांवर होते. त्या आठवड्याचा कागद हाती आला नसता, तर मी फावडे आणले असते. मी रिव्हॉल्व्हर आणले. गोळी डचेसला लागली. साप ओट्याखाली निघून गेला.

खड्डा ड्वाइटने खणला. पुढच्या गुरुवारी त्याने मला पुन्हा तसाच कागद आणून दिला, काळ्या गोलात गोळ्या भरलेला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी त्याला बाकावर बसवले आणि काठी टेकत स्वतः गेले. वीस गोळ्यांपैकी कागदावर तीन होत्या. काळ्या गोलात एकही नाही.

मी त्याच्या गाडीची सीट उचलली. खाली चार कागद होते, आधीच गोळ्या मारून ठेवलेले, वर त्याच्या अक्षरात येणाऱ्या चार गुरुवारांच्या तारखा.

"हे काय आहे?" मी विचारले.

"तुला दिसायला नको होतं ते."

"पुढच्या महिन्यात मी कशी मारणार, ते तुला आजच ठाऊक?"

"अगं, गुरुवारी तुझा चेहरा फुलायचा. एमेट गेल्यावर तेवढंच उरलं होतं तुला. ते कसं काढून घेऊ?"

"आणि डचेस गेली त्यानंतर? तेव्हाही दिलासच ना?"

"तेव्हा तर सांगणं आणखीच अवघड झालं, व्हर्ना."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्याने रिव्हॉल्व्हर चोरले असते तर मी नाताळपर्यंत माफ केले असते. एवढ्या वर्षांत माझ्याशी खरे बोलणारी एकच गोष्ट होती, तीच त्याने काढून घेतली, आणि वर मला वाटावे की तो माझ्यावर माया करतो. करतही असेल. मला त्याचा उपयोग नाही.

कलम ५. दोन वर्षांचे खोटे कागद मी चुलीत घातले. आधीचे खरे कागद मैदानाच्या क्लबला द्यावेत. नवशिक्यांनी माझी पहिली दोन वर्षे जरूर पाहावी, धीर येईल.

कलम ६. ड्वाइट टॉलेफसन याला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. त्याला काही मिळायचे नाही, तेव्हा त्याने साक्षीदार व्हावे. वकिलांमार्फत निरोप धाडला आहे. त्याने समोर बसावे आणि जे दिसेल तेच स्वतःच्या हाताने लिहावे.

स्थळ: हार्लन फोर्क, वायोमिंग
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

(सही) व्हर्ना लिंडक्विस्ट

साक्षीदार १: लोइस क्रेब, पोस्टमास्तर, हार्लन फोर्क. वरील सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार २: ड्वाइट टॉलेफसन, निवृत्त ट्रकचालक, हार्लन फोर्क. व्हर्नाने माझ्यासमोर सही केली. पहिल्यांदा पेन रेघेवरून घसरले, दुसऱ्यांदा जमले. तिचा हात कापत होता. दोन वर्षे कापतो आहे. मी पाहत होतो. (सही)