मामाचा ब्रदर होताना

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा नर्स झाल्यावर सुरुवात कशी झाली ते आठवायला बरं.

सध्याची परिस्थिती : आमचं हॉस्पिटल दरवर्षी एका नर्सिंग असिस्टंटला निवडून नर्सिंगच्या कोर्सला पाठवतं. २८ तारखेला प्रॅक्टिकल परीक्षा. उमेदवार दोन, मी आणि चष्मेवाली. म्हणजे खरं तर एकच. चष्मेवाली माझ्या कितीतरी आधीपासून इथे आहे, तरी अजून प्रत्येक गोष्ट इन्चार्ज सिस्टरना विचारून करते. मला आजवर एकदाही विचारावं लागलेलं नाही.

संकल्प : रोज शरीररचनेचं एक प्रकरण वाचणे. सिस्टरशी वाद न घालणे. आणि पेशंट मला वॉर्डबॉयसारखं ‘मामा’ म्हणून हाका मारतात, त्यांना पुरुष नर्सला म्हणतात तसं ‘ब्रदर’ म्हणायची सवय लावणे.

३ जून, संध्याकाळ
प्रकरण पहिलं उघडलं. हाडं. हाडं मला माहीत आहेत. पुस्तक मिटलं.
सिस्टरशी वाद झाला, पण तो त्यांनी सुरू केला.

५ जून
खिडकीजवळच्या कॉटवर एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत. किडनीच्या तपासण्या चालल्यात. त्यांना ब्रदर म्हणायला सांगितलं. म्हणाले, बरं मामा.

त्यांचे श्वास मोजायचे होते. पेशंटला विश्वासात घ्यावं म्हणून आधी तसं सांगितलं. ते ताठ बसले आणि कवायतीच्या तालावर श्वास घ्यायला लागले. सिस्टर म्हणाल्या, मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं, नाडी बघायच्या निमित्ताने हात धरायचा आणि गुपचूप छातीकडे लक्ष ठेवायचं. मी म्हटलं, ही शुद्ध फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, हे नर्सिंग आहे.
(वाद धरत नाही. हा तात्त्विक मुद्दा होता.)

९ जून
बाबांशी कडाक्याचं भांडण. म्हणाले, पुरुषासारखा पुरुष आणि लोकांचं हगणंमुतणं काढतोस, नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. मी ठणकावलं, की उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर हेच हात कामाला येतील. ते म्हणाले, मग मी आजारीच पडणार नाही. इतका हट्टी माणूस! मी कुणावर गेलोय कळत नाही.

रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

खरं सांगायचं तर लागलं मनाला. कामाला लागलो त्या आठवड्यात एका आजींची कूस बदलून दिली होती. त्यांना इतकं बरं वाटलं, की डोळे मिटून हसल्या. त्या दिवसापासून मला हेच करायचंय. बाबांना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

१२ जून
आज चादरी. माझे कोपरे गादीखाली असे घट्ट खोचलेले, की बघतच राहावं. मात्र हेडमास्तरांना चादरीखाली पाय हलवता येईनात, म्हणून त्यांनी घंटी वाजवली. सिस्टरनी कोपऱ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, पायांबद्दलच बोलत राहिल्या. चष्मेवालीच्या चादरी पायाशी ढिल्या असतात. तिचे पेशंट गाढ झोपतात, पण तो त्यांचा स्वभाव.

पुस्तक वाचलं नाही. बाबा टीव्ही मोठ्याने लावतात.

१७ जून, सकाळ
माझ्याविरुद्ध कट शिजतोय.

ड्यूटीवर आलो, तर बाथरूममध्ये एक मोठा कॅन, लघवीने भरत आलेला. कालपासून तसाच! माझ्या वॉर्डात असला गलथानपणा चालत नाही. ओतला, घासला, लख्ख केला, गॅलरीत उन्हात पालथा घातला. मग सिस्टरना मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांनी डोक्याला हात लावला. मला वाटलं, भारावल्या.

तर तो कॅन हेडमास्तरांचा. दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी त्यात साठवून तपासायला पाठवायची होती. थोडाच वेळ उरला होता म्हणे. कॅनवर चिठ्ठी होती म्हणे. असेल. चिठ्ठीचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीला कळलं असेल.

१७ जून, संध्याकाळ
तपासणी पुन्हा पहिल्यापासून. हेडमास्तरांचा उद्याचा डिस्चार्ज रद्द. त्यांची लेक न्यायला येणार होती, तिला त्यांनी फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी तिथेच उभा होतो. कारण त्यांनी तपासणी लांबली एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

नंतर माफी मागायला म्हणून गेलो आणि चिठ्ठ्या कशा लावाव्यात यावर बोलून परत आलो. पुन्हा गेलो. ते म्हणाले, राहू दे रे, पाणी आण, नव्याने सुरुवात करू. पाणी आणता आणता मीच प्यायलो. मग त्यांच्यासाठी दुसरं आणलं.

१८ जून
कॅनची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे! सिस्टरनी सगळ्यांदेखत सांगितलं, की आज त्या कॅनशेजारी बसायचं आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. चष्मेवालीवर त्यांनी एवढा विश्वास कधी टाकलेला नाही.

२७ जून
अभ्यास. प्रकरण पहिलं. हाडं अपेक्षेपेक्षा बरीच निघाली.

चष्मेवाली म्हणाली, उद्यासाठी दोघं मिळून सराव करू या. साफ नाही म्हटलं. आपल्या युक्त्या आयत्या तिच्या हातात कशाला द्या?

बाबांना जाहीर सांगितलं, की उद्या निवड झालेला माणूस या दारातून आत येईल. ते पेपर वाचत राहिले. पान मात्र उलटलं नाही.

२८ जून, दुपार
बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या. पेशंट म्हणून कॉटवर एक रबरी पुतळा.

चादर उत्तम. पायाशी जागासुद्धा सोडली. सिस्टरनी मान डोलावली, मी पाहिलं.

मग परीक्षक बाई म्हणाल्या, नाडी कशी बघता ते दाखवा. मी पुतळ्याच्या मनगटावर अंगठा दाबला आणि घड्याळाकडे बघितलं. नाडी लागली. अगदी ठणठण. म्हटलं, हल्ली पुतळ्यांत यंत्रं बसवत असतील, विज्ञान पुढे गेलंय. मिनिटभर मोजली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की नाडी फार जलद आहे, पेशंट घाबरलाय, त्याला धीर द्यायला हवा.

परीक्षक बाईंनी पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे. म्हणाल्या, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून नाडी बोटांनी बघतात. तुम्ही तुमचीच मोजलीत.

चष्मेवाली हसली नाही. हसली असती तर मला चिडता तरी आलं असतं.

तिची निवड झाली.

ठीक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बसणार. तेव्हा नाही घेतलं, तर त्याच्या पुढच्या वर्षी. कंटाळले तर ते कंटाळतील.

आणि निदान माझं बरोबर होतं. पेशंट घाबरलेलाच होता.

२८ जून, जेवणानंतर
बाबांना सगळं सांगितलं. पुतळ्याचंही. वाटलं, आता उद्या साऱ्या नातेवाइकांत हसं होणार. त्या आजींबद्दलही बोलून गेलो. आता लपवायचं काय राहिलं होतं?

ते हसले नाहीत. शर्टाची बाही वर सारली, मनगट माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, बघ बोटांनी.

तीन बोटं ठेवली. थोडी वर सरकवली, थोडी खाली. जोरात दाबली, मग हलकी. बाबा हात न हलवता बसून राहिले. इतका वेळ ते माझ्यासाठी कधी बसले होते, आठवत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, कशी आहे रे?

सापडलीच नाही. समोर धडधाकट बसले होते, म्हणून नॉर्मल सांगितलं.