ओटीपीचा फोन

मंगळवार, संध्याकाळ. वणी

आजपासून आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या सगळ्या ट्रकांच्या टाक्यांना डिझेलचे टॅग लागले. पंपाची नळी टाकीत घातली की डिझेल आपोआप सुरू होतं. ड्रायव्हरांना फोन करून माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी घ्यावा लागत नाही. मालक खूश आहेत. मी नाही.

मी माझ्या मनानं लग्न केल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पण ते आमच्याच ऑफिसचा ट्रक चालवतात, म्हणून डिझेल भरताना त्यांना मला फोन करावाच लागायचा. "ओटीपी सांग." एवढंच. मी आकडे मुद्दाम सावकाश सांगायची.

आज स्क्रीनवर दिसलं, बाबांनी मारेगावला डिझेल भरलं. फोन आला नाही. कायले येईल आता? शेवटी मीच लावला.

"टॅग चालला ना, बाबा?"

"चालला. काहून?"

"असंच."

तिकडून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही.