न पाठवलेले धडे

१४ ऑक्टोबर
चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तू किती खुशाल आहेस ते फोन उघडला की कळतंच. काल औषधाच्या दुकानदाराने विचारलं, व्हिडिओत फ्रिजच्या दारावर जोडाक्षरं लिहून शिकवतात त्या बाई तुमच्या कोण. सव्वीस वर्षं खडू झिजवून मी शेवटी ‘त्यांची बहीण’ झाले.

दीड वर्षाने शाळा उघडली. कोरोनात बंद पडली तेव्हा माझा वर्ग दुसरीत होता, आता चौथीत बसलाय. दुसरीचंच पुस्तक वाचायला दिलं, तर बत्तीसपैकी चौदा वाचतात. अठरा जण जोडाक्षर आलं की थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मुख्याध्यापक म्हणाले, बहिणीला बोलवा, शिक्षकांना चार गोष्टी सांगेल. मी म्हटलं, तिला वेळ नसतो. खरं तर तू माझ्या फळ्यापुढे उभी राहिलेली मला बघवणार नाही.

प्रकृतीला जप. मोठी झालीस तरी दोन ओळी लिहीत जा.

तुझी ताई

२१ ऑक्टोबर
ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसले. पिकतं तिथे विकत नाही गं. घरात हे रोज विचारतात, फ्रिज पुसून कधी मिळेल. आणि वर्गात मी समोर उभी असले तरी पोरं म्हणतात, बाई, जरा मागे घ्या, पुन्हा लावा. त्यांना मी फोनातच बरी वाटते.

एक मात्र कळलं नाही. दर रविवारी नवा धडा मी सगळ्यांच्या आधी तुला पाठवायचे, तुझ्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला. एकसष्ट धडे झाले, त्यातले वीस जोडाक्षरांचेच. मग तुझी अठरा मुलं नेमकी तिथेच कशी अडतात? घरी फोन नव्हते का? तसं असेल तर कळव, काहीतरी करू.

रागावू नकोस, लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी चिमी

२ नोव्हेंबर
चि. चिमीस, आशीर्वाद.

फोन होते. मीच धडे टाकले नाहीत, एकही नाही. पहिला धडा बघितला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, इतका तो चांगला होता. गटावर मी लिहिलं, असले व्हिडिओ दाखवू नका, डोळे बिघडतात, मी पाठवते त्या वहीच्या पानांवरच अभ्यास घ्या. चौदा जणांनी ऐकलं नाही, त्यांना तुझे धडे कुठून कुठून मिळाले. अठरा घरांनी माझा शब्द पाळला.

त्यातली एक शिंपीणबाईंची मुलगी. माझ्या सांगण्यावरून आईने फोन कपाटात ठेवला होता. मला वाईट वाटू नये म्हणून ती आता ओळीखाली बोट फिरवते आणि मनाने काहीतरी म्हणत जाते. ते ऐकवत नाही.

काय लिहू पुढे.

ताई

९ नोव्हेंबर
ताई,

या वेळी नमस्कार लिहीत नाही.

तू एकाही धड्यावर कधी बरं-वाईट म्हणाली नाहीस. मला वाटायचं, जमलं नसेल, म्हणून पुढचा आणखी नीट करायचे. लहानपणापासून घरात तुझ्याच अक्षराचं कौतुक ऐकत आले, त्याचा हेवा मलाही वाटायचा. पण तो मी पोरांवर काढला नाही.

सुट्टीत येते. शिक्षकांसाठी नाही, त्या अठरांसाठी. आधी त्याच गटावर खरं काय ते लिही. तोवर मी तिकीट काढणार नाही.

चिमी

१६ नोव्हेंबर
चि. चिमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहिलं. तू येणार आहेस तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई शाळेत आल्या. मला वाटलं, आता मुलीचं नाव काढून नेतात. त्यांनी एवढंच विचारलं, ती रोज शाळा सुटल्यावर एक तास थांबली तर चालेल का. मी हो म्हणाले.

मग मुलीनेच विचारलं, तुमची बहीण शिकवायला येणार म्हणतात, ते खरं का. कोण आनंद झाला होता तिला! माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं, चिमे. तरी तू ये.

तुझी ताई